फ्रिजवरच्या चार प्रश्नांचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे, आणि सध्या फार वैतागलेला आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात, टोंगा बेटांवरून आलेल्या एका टोंगन घरात फ्रिजच्या दारावर मी चिकटलेलो असतो. माझ्या अंगावर चारच प्रश्न आहेत. काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय होतं? कोणाचं मन दुखावलं? आता ते नीट करायला काय करायचं? एवढंच! पण या घरात त्यांची जी दशा झाली, ती आठवली की माझं डोकं फिरतं.

माझा जन्म शाळेच्या ऑफिसात झाला. या घरातली आई, लुपे, त्या शाळेत मदतनीस आहे. तिथे भांडण झालं की सगळे गोल करून बसतात, हेच प्रश्न एकमेकांना विचारतात आणि वेळ आली तर बाईसुद्धा उत्तरं देतात. लुपेला ते फार आवडलं. तिने मला छापून घेतलं, वर प्लास्टिक चढवलं आणि घरी आणलं. केवढ्या ऐटीत आलो होतो मी! पहिल्याच रविवारी जेवायला आलेल्या पाद्रीबाबांनी मला मोठ्याने वाचलं आणि "वा, लुपे!" म्हणाले.

पुढे माझ्यावर चर्चच्या सूचना चिकटल्या. कोणीतरी मला काढून माझ्यावर गरम पातेलं ठेवलं आणि माझा एक कोपरा वितळला. तेही मी सोसलं. पण माझे प्रश्न नेहमी मोठ्यांनी लहानांनाच विचारायचे, हे मला कधीच सोसलं नाही. या घरातले बाबा, सियोएली, माझ्यावर बोट आपटून हवालदारासारखे विचारायचे, "बोल! काय झालं? कोणाचं मन दुखावलं?" पोरं घाबरून "सॉरी बाबा" म्हणायची की प्रकरण मिटलं. बाबा स्वतः दार आपटायचे, ओरडायचे, तेव्हा माझ्याकडे कोण बघतंय? टोंगन घरात बापाला जाब विचारायची कोणाची टाप आहे?

सियोएली चर्चच्या गायकांना शिकवतात. आमच्याकडे गाण्याचे सूर आकड्यांत लिहितात. बाबा फळ्यावर आकडे मांडतात आणि तीस माणसं ते बघून गातात. एका बुधवारी त्यांची सोळा वर्षांची लेक सेइनी गाण्याच्या सरावातून रडतच स्वयंपाकघरात शिरली.

"आई, गाण्याच्या पुस्तकात आठ आहे. बाबांनी फळ्यावर सात लिहिला. मी आठच गायले, तर सगळ्यांसमोर म्हणाले, ऊठ, घरी जा, लक्ष नसेल तर येऊ नकोस!"

"जाऊ दे गं," लुपे म्हणाली. "बाबा आहेत ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्यासमोरच पुस्तक उघडलं. त्या ओळीवर बोट ठेवलं. आठच होता! मला वाटलं, आता लेकीला हाक मारतील. हाक मारलीही. आधी पुस्तक मिटलं, मग माझ्यावर बोट आपटून म्हणाले, "सांग, काल कोणाचं मन दुखावलं?"

"कोणाचंच नाही, बाबा."

"मग पुन्हा असं व्हायला नको."

अरे देवा! मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

त्या दिवसापासून सेइनी ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊ लागली. मग तिने आईला सांगून टाकलं, "सत्र संपलं की मी हॅमिल्टनला मावशीकडे जाणार. शाळाही तिथेच. मी परत येणार नाही." लुपे सिंकपाशी उभी राहून रडली. मी नुसता बघत राहिलो.

रविवारी वीका आत्या जेवायला आली. बापाच्या बहिणीचा मान आमच्याकडे बापापेक्षाही मोठा. ती बसल्याशिवाय सियोएली बसत नाहीत. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं ताटात पडली होती. आत्याला उकडत होतं. तिने मला ओढून काढलं आणि वारा घ्यायला लागली. मग मला वाचलं.

"लुपे, हे काय गं?"

"भांडण झालं की हे विचारायचं, वन्सं."

"कोणी कोणाला?"

"आम्ही... मुलांना."

"आणि याला कोण विचारतं?" आत्याने मला भावाच्या नाकासमोर धरलं.

"ताई, जेवण थंड होतंय."

"होऊ दे. पोरगी खोलीत का जेवते? काय झालं?"

मग सियोएली ताटाकडे बघत म्हणाले, "आकडा माझा चुकला होता. बोलणी तिला बसली. जाऊ दे, मी तिला माफ केलं."

"तू तिला माफ केलंस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नीट काय करायचं ते तिला विचार!"

सेइनीला बोलावलं. बाबांनी विचारलं. ती म्हणाली, "ज्यांच्यासमोर मला उठवलंत, त्यांच्यासमोर सांगा." बाबांचा चेहरा लाल झाला. तरी त्यांनी मान हलवली.

बुधवारी ते एकटेच सरावाला गेले. परत आले आणि उगाच फ्रिज उघडून उभे राहिले.

"सांगितलं," ते म्हणाले.

सेइनी दारात होती. "काय झालं तिथे?" तिने विचारलं.

मित्रांनो, या घरात माझा प्रश्न पहिल्यांदाच बापाला लेकीने विचारला! बाबा ओरडतील म्हणून मी धास्तावलो. पण त्यांनी खुर्ची ओढली.

"म्हणालो, पोरगी बरोबर होती. दुसऱ्या दिवशी मी पुस्तकात पाहिलं, तरी गप्प बसलो."

"तेव्हा तुमच्या मनात काय होतं?"

"भीती. तीस माणसांसमोर हसं होईल याची."

"माझं झालं ना, बाबा."

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "हो गं," ते म्हणाले. "तुझं झालं."

सेइनी हॅमिल्टनला गेलीच, पण फक्त सुट्टीपुरती. जाताना परतीचं तिकीट काढून गेली.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. एवढ्याशा गोष्टीला आत्या यावी लागते, म्हणजे काय! तुम्हीही घरी असा तक्ता लावणार असाल तर एक करा. घरात ज्याचा आवाज सगळ्यात मोठा आहे, त्याला आधी विचारा. ते जमणार नसेल, तर मेहेरबानी करून आम्हाला भिंतीवर लावूच नका.