तीनचाकीची खांदशेकणी

मित्रांनो, मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे. पायांनी नव्हे, हातांनी चालवायची. समोरचा दांडा दोन्ही हातांनी फिरवला की मी पुढे जाते. स्वभावाने मी कुरकुरी आहे, हे आधीच सांगते. माझी गोष्ट ऐकाल तर म्हणाल, हिने कुरकुर कमीच केली.

माझे मालक सेवकराम हे कारधा गावचे. बावीस वर्षांपूर्वी आंब्याच्या झाडावरून पडले आणि त्यांचं कमरेखालचं अंग गेलं. तेव्हा मी घरात आले, निळ्या रंगाची, खणखणीत घंटीची. रोज सकाळी वैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही भंडाऱ्याला जायचो. तिथे कचेरीबाहेर बसून ते लोकांचे अर्ज लिहून देतात. पूल एका दमात चढायचे. लोक म्हणायचे, सेवकरामभाऊचे हात आहेत की इंजिन! मलाही मोठा अभिमान वाटे.

आता त्याच हातांचे सगळे सांधे ठणकतात. खाटेवर उठून बसायचं तर हातांवर, माझ्यावर यायचं तर हातांवर. बसून बसून जखम होऊ नये म्हणून दर अर्ध्या तासाने अंग उचलायचं, तेही हातांवरच. गोळी घेतली तर पोट जळतं, नाही घेतली तर खांदा. पुलावर पाच-पाचदा थांबू लागले. डॉक्टर म्हणाले, महिनाभर खांद्यांना आराम द्या, नाहीतर कायमचे खाटेला खिळाल.

"पायाले बावीस साल झाले आराम देऊन राहिलो, डॉक्टरसाहेब," सेवकराम म्हणाले. "आता खांद्यालेही देऊ, त उठू कोनाच्या भरोशावर?"

डॉक्टरांनी पुन्हा गोळ्याच लिहून दिल्या. गावात मात्र उपदेशाला तोटा नाही. कोणी म्हणे वाळूने शेका, कोणी म्हणे भात सोडा. मला नुसता संताप येई. सेवकरामांची पत्नी गोदावरीबाई रोज वाटीभर मोहाचं तेल त्यांच्या खांद्यांना चोळायच्या, आणि माझ्या चेनला एक थेंब नाही! पुराच्या वर्षी मी दोन दिवस पाण्यात उभी होते. तेव्हाच माझ्या दांड्याच्या आणि चाकांच्या बेअरिंगमधले छर्रे गंजले. रोज थोडी थोडी जड होत गेले, म्हणून सेवकरामांनाही कळलं नाही. त्यांना वाटे, आपलाच खांदा संपला. मी करकरून करकरून सांगत होते. पण सगळे म्हणायचे, जुनी झाली, करकरणारच.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होती. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलांचे खांदे त्या दिवशी तूप-हळद लावून पळसाच्या पानाने शेकतात. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं आपल्या बैलांना म्हणून गोदावरीबाई तेच पान घेऊन सेवकरामांकडे आल्या.

"मी का बैल आहो?" ते कडाडले.

"बैलाले वर्साचा एक दिवस त सुट्टी आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या खांद्याले कोन्ती आहे?"

त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली. त्यांचे खांदे शेकून झाले तेव्हा बोटांना थोडं तूप उरलं होतं. इचाही खांदाच आहे म्हणत त्या माझ्या दांड्याला तूप लावू लागल्या, आणि लावता लावता त्यांनी तो फिरवला. दांडा अडला. पदर खोचून दोन्ही हातांनी जोर लावला, तरी जेमतेम अर्धा फेरा. बावीस वर्षांत मला मागून ढकललं सगळ्यांनीच. दांडा दुसऱ्या कोणी फिरवला तो पहिल्यांदा.

"एवढं जड?" त्या खालीच बसल्या. "अन मी त खांद्यालेच तेल लावून राहिली."

पोळ्याच्या सकाळी गावातल्या बाबूलाल मिस्त्रीने चेन धुतली, छर्रे बदलले. सेवकराम दिवसभर हात मांडीवर ठेवून बसले. त्यांना तशी सवयच नव्हती.

मित्रांनो, दुखणं गेलेलं नाही. झिजलेला खांदा नवा होत नाही, आणि पुलाचा चढही तेवढाच आहे. पण आता ते पुलावर दोनदाच थांबतात. बरं वाटतं, आणि रागही येतो. किती वर्षांचा ठणका त्या थेंबभर तेलावाचून वाढला! म्हणून एवढंच सांगते. कोणाला 'आराम करा' म्हणण्याआधी, तो रोज जे फिरवतो ते एकदा आपल्या हाताने फिरवून पाहा.