लुमेरीचं बारसं

आत्या होणं म्हणजे फुकटचा मान आणि विकतचं भांडण. बाळाच्या कानात नाव मी सांगायचं, पण कोणतं सांगायचं हे ठरवणार दुसरेच. या वेळी ते दुसरे दोन होते: माझी आई अंजनी आणि माझी भावजय दुर्वा. भिडेपोटी मी दोघींनाही ‘हो’ म्हणून बसले होते.

आईला ‘रेवा’ हवं होतं, म्हणजे नर्मदामाईचंच नाव. पोर सातव्या महिन्यात जन्मली. ती नळ्या लावून काचेच्या पेटीत पडली होती तेव्हा आई गुडघे धरत धरत रोज जबलपुरातल्या राइट टाउनहून ऑटोनं ग्वारीघाटावर जायची आणि नर्मदेत दिवा सोडायची. माईनं पोर राखली, तेव्हा नावही माईचंच. विषय संपला.

दुर्वाला ‘लुमेरी’ हवं होतं. गरोदरपणात डॉक्टरांनी पलंगावरून उठायला मनाई केल्यापासून ती एक जाडजूड कादंबरीमाला वाचत होती. ड्रॅगन, बुडालेली शहरं, आणि लेखकानं घरी बसून बनवलेली भाषा. त्यातलंच हे नाव. ऐकताच आई म्हणाली, “हे नाव आहे का टूथपेस्ट?” मीही फिदीफिदी हसले. अर्थ विचारायचं कुणाला सुचलंच नाही. दुर्वा गप्प बसली, आणि आमच्या घरात गप्प बसलेल्याला हरलेला समजतात.

पियूष, म्हणजे माझा भाऊ, बाळाचा बाप, बायको आणि आईच्या मध्ये पडत नाही. बारशाच्या दिवशीही तो गच्चीवर खुर्च्या मांडत होता. एकाच खुर्चीची जागा तीनदा बदलताना मी पाहिलं त्याला.

मी स्वयंपाकघरात घुगऱ्यांवर खोबरं घालत होते. तेवढ्यात माझी लेक अनुष्का आत आली. तिला मराठी कळते, पण तोंडातून हिंदीच निघते.

“मम्मी, मामी सच में लुमेरी रख रही है? वो तो मर जाती है. लास्ट पार्ट में.”

माझा हात थांबला. दारात हळदीकुंकवाचं ताट घेऊन आई उभी होती. तिचा सगळा जन्म जबलपुरात गेलाय, हिंदीचा एक शब्द तिच्या कानातून सुटत नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ताट तसंच घेऊन ती मागे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

पाळण्याभोवती बायका जमल्या. ‘कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरलं, शेवटी आत निजलं. मी वाकले. पाठीवर बुक्के मारायला बायका मुठी वळून तयारच होत्या. आणि आईचा हात मध्ये आला. तिनं बाळाचा कान तळव्यानं झाकला.

“शर्मिला, खबरदार. मेलेलीचं नाव या कानात जाणार नाही.”

मुठी हवेतच राहिल्या. पोर कुठून परत आली होती ते तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. खरं सांगते, मलाही भीती वाटली. एकदा कानात गेलेलं नाव धुऊन काढता येत नाही. मी ‘रेवा’ म्हणायला तोंड उघडलंही होतं.

“ती मरते हे मला माहीत आहे, आई,” दुर्वा म्हणाली.

“माहीत आहे? अन् तरी? काहून करून राहिली असं? लेकरू कसं वाचलं ते विसरली का तू?”

“नाही विसरले. लुमेरी कोण आहे, सांगू?”

“असंल एखादी राजकन्या.”

“म्हातारी आहे. गुडघे दुखतात तिचे. गावातल्या होड्या वादळात अडकतात, आणि ही काठावर दिवा धरून उभी राहते. सगळे म्हणतात, घरी चल. ती हलत नाही. शेवटची होडी परत आल्यावरच ती डोळे मिटते.” दुर्वानं पदरानं डोळे पुसले. “त्यांच्या भाषेत लुमेरी म्हणजे दिवा धरणारी. मला तुमचंच नाव ठेवायचं होतं, आई. पण जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत ना आपल्यात.”

आईचा हात अजून बाळाच्या कानावर होता. माझे डोळे भरून आले, आणि हसल्याची लाज वाटली.

“मले आधी काहून नाही सांगितलं?” आई कशीबशी म्हणाली.

“तुम्ही टूथपेस्ट म्हणालात.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. आईनं पोरीकडे पाहिलं.

“माईले मी समजावून सांगीन,” ती शेवटी म्हणाली. तिनं हात उचलला. “लु... काय ते? शर्मिला, नीट बोल. तुझी जीभ लई घसरते.”

मी पुन्हा वाकले. त्या इवल्याशा कानाला ओठ लावून ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं. धपाधप बुक्के पडले. त्यातला एक असा बसला की मी कळवळून वळून पाहिलं.

तो आईचा होता.