अबोली आत येत नाही

दुपारचा शो बघून मुलं परतली तेव्हा बडा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शलाका पोळ्या लाटून बाहेर येते, तर तिच्या लेकानं, देवांशनं, रांगोळीचा अख्खा डबा उपडा करून फाटकात या खांबापासून त्या खांबापर्यंत पांढरी रेघ ओढलेली. सिनेमातल्या हिरोनं म्हणे शहराभोवती अशीच ओढली होती. आपला असेल तो आत येतो, परक्याचा धूर होतो.

देवांश आत, पायरीवर बसलेला. आई गेल्यावर तीन महिन्यांपूर्वी शलाकामावशीकडे आलेली सहा वर्षांची अबोली बाहेर, उन्हात उभी.

"मम्मी, मी सिर्फ मूळ गाव विचारलं," देवांश म्हणाला. "इसको पता ही नहीं."

"तुला माहीत आहे?"

"साताऱ्याजवळ काहीतरी."

चार पिढ्यांत त्या गावाचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. लग्नपत्रिकेत मात्र ते न चुकता छापलं जायचं.

"अगं, रेघा माणसंच काढतात," शलाका अबोलीला म्हणाली. "पुण्याचे नातेवाईक आपल्याला हिंदीवाले म्हणतात, इथले लोक मराठी म्हणतात. झाला का माझा धूर?"

अबोली हसली नाही. "मुंग्या बघ."

मुंग्यांची रांग रेघेपाशी येऊन वळत होती, एकही ओलांडत नव्हती. रोज पोळीसाठी थेट पायरीपर्यंत येणारा गल्लीतला कुत्राही आज रेघेशी थबकला. अबोलीच्या शेजारी कोणीच नव्हतं. त्या रिकाम्या जागेकडे मान वर करून तो शेपूट हलवत राहिला.

शलाकानं चपलेनं रेघ पुसली. फरशीच्या फटीत पांढरं तसंच राहिलं. आणि एवढ्या उन्हात तिची पावलं गार पडली.

"झालं. पुसली. चल, सरबत केलंय."

"मला आत घेतलंच नाहीये," अबोली म्हणाली. "नव्या स्कूटरला ओवाळलंस. ताट मीच धरलं होतं."

या घरात नवी सून, बाळंतपणाहून आलेली लेक, कोणीही आलं की पोळीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकल्याशिवाय आत घेत नसत. अबोली आली ती सुतकात. कोणाला सुचलंच नाही. पोर मागच्या दारानं आत आली आणि जेवायला बसली.

शलाका धावत ताट घेऊन आली. अबोलीवरून तुकडा ओवाळला, दूर फेकला, पायांवर पाणी घातलं. "ये गं माझी बाय."

अबोलीनं रेघ ओलांडली. धूर झाला नाही. पण डावा हात मागेच राहिला, रेघेपलीकडे, वर उचललेला. कोणाचं बोट धरावं तशी मूठ मिटलेली.

"मम्मी, खेल खतम," देवांश पुटपुटला. तो पायरीवरून उठला होता.

"हात सोड, बाळा."

"आईला पण ओवाळ ना. कधीची उभी आहे."

शलाकाच्या धाकट्या बहिणीनं जातीबाहेर लग्न केलं, त्यानंतर तिनं या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. बोलवायचं राहून गेलं, असं शलाका सगळ्यांना सांगायची. सात वर्षं राहूनच गेलं होतं.

ताटात तुकडा उरला नव्हता.

"दोघी थांबा इथेच," ती म्हणाली आणि पोळी आणायला आत वळली.