एका दुकानाचा एक फोटो

सोनं ॲसिडातून निघतं तेव्हा पिवळं नसतं. भांड्याच्या तळाला तपकिरी गाळ बसतो. तो वितळवला की मग पिवळा.

छातीचा एक्स-रे काढताना अंगावर धातू नको. साखळी, ताईत, खिशातली किल्ली.

इरोडला शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली, म्हणून गल्लीकडची खिडकी कायमची बंद.

जत्रा उठली. आकाशपाळण्याचे लोखंडी हात ट्रकवर चढताहेत.

खोकला आला की गुळाचा खडा.

लेकीला दिवसभर खांद्यावर घेतो. झोपताना मात्र तोंड भिंतीकडे.

शाळेच्या पटांगणात एक पांढरी व्हॅन उभी आहे. चारला जाणार.

*

सोनियाचा नवरा ज्योतिबा तमिळनाडूत इरोडला गलाईच्या दुकानात भट्टीवर असतो. सोनारांचं जुनं सोनं वितळवायचं, ॲसिडात टाकायचं, शुद्ध करून परत द्यायचं. दिवसा जिथं भट्टी, रात्री तिथंच माळ्यावर अंथरूण. कवठे महांकाळच्या या अंगाला शेतावर भागत नाही, म्हणून घरटी एक माणूस असा दक्षिणेत. वर्षातून एकदा जत्रेला सगळे येतात, आठवडाभर राहतात, जातात.

टीबी तपासणीची एक्स-रेची व्हॅन म्हणूनच जत्रेत आणली होती. माणसं सापडतात तेव्हाच तपासायची. यंदा पहिल्यांदाच.

सकाळी मानसिंगमामांनी आपल्या दुकानांची माणसं देवळापुढं गोळा केली. मामा म्हणजे ज्योतिबाचे सख्खे मामा आणि इरोडचे शेट. तिकडं त्यांची चार दुकानं.

"आपुन सोन्याच्या लगडीचा टंच कसा काढतो?" मामा म्हणाले. "शुद्ध किती ते बघायला अख्खी लगड तोडतो का रं? कोपऱ्यातनं चिमूटभर घेतो. तसंच हे. एका दुकानाचा एक माणूस जाऊ द्या. भट्टी एक, धूर एक. एकाचं कळलं की दुकानाचं कळलं. उगं समद्यांनी रांगा लावू नका, संध्याकाळी मिरजेला गाडी धरायची हाय."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. रोज हेच करणारी माणसं, सगळ्यांना पटलं.

ज्योतिबा असतो त्या मोठ्या दुकानातर्फे दिग्विजय गेला. वीस वर्षांचा, तालमीत घुमलेला, दुकानात लागून दोन महिने झालेले. परत आला तो शर्टाची बटणं लावत, "क्लिअर!" म्हणत.

मामांनी त्याच्या पाठीत थाप मारली. "चोवीस कॅरेट गड्या, इरोडचं दुकान!"

ज्योतिबा खदखदून हसला. हसता हसता खोकला आला. खोकला पुन्हा हसण्यात मिसळून टाकला.

*

दुपारी, जेवताना.

"झालं की आमचं."

"काय झालं?"

"तपासणी."

"तुमी गेलता?"

"दिग्या गेलता."

सोनियाची भाकरी तव्यावरच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा तिनं ती उलटली.

*

व्हॅनच्या पायरीवर क्रांती मॅडम बसल्या होत्या. एक्स-रे काढणाऱ्या. सांगलीहून आलेल्या, डोक्याला रुमाल, डब्यातला शिरा खात होत्या.

"मॅडम, एकाचा फोटो दुसऱ्याला चालतो का?"

"आधार कार्डाचा?"

"छातीचा."

क्रांती हसल्या. सोनिया हसली नाही. मग तिनं लगड, कोपरा, चिमूट असं सगळं सांगितलं. डबा बाजूला ठेवून क्रांती आत गेल्या आणि पडद्यावर सकाळचे फोटो एकामागून एक सरकवू लागल्या. दांडगी छाती, रुंद खांदे. पुन्हा दांडगी छाती.

"तरीच," त्या म्हणाल्या. "सकाळपासून सगळी तरणीच येताहेत. एकाच्याही छातीत काही नाही. मी वर फोन करून सांगितलं, गाव एकदम निरोगी आहे म्हणून."

बाहेर पाळण्याचा एक हात ट्रकच्या फळीवर आदळला.

"मालकांना खोकला किती दिवस आहे?"

"हितं आल्यापास्नं मी ऐकतीय. फोनवर ऐकत हुते ते येगळं. गणपतीपास्नं असंल."

"वजन?"

"लग्नातला सदरा परत बसाय लागलाय."

"घेऊन या. चारच्या आत. मला पलूसला मशीन पोचवायचंय."

"परत कवा येणार?"

"मला सांगितलेलं नाही."

*

"न्हाई."

"आवं, लागतोय किती येळ?"

"येळाचं न्हाई गं. डाग निघाला तर? मामा भट्टीवर बसू देतील का? आन गावात कळलं तर आपल्या पोरीला, सृष्टीला, कोण जवळ घील?"

"न्हाई काढला फोटो तर डाग जातोय व्हय?"

"न काढलेला डाग कुणाला दिसत न्हाई."

"मला ऐकू येतोय. रातभर."

ज्योतिबा बॅगेत टॉवेल कोंबत राहिला. बाहेर जीप आली होती. ड्रायव्हर टपावर चढून एकेकाची बॅग ओढून घेत होता. "आणा तुमची, दाजी!" त्यानं ज्योतिबाची बॅग दारातूनच उचलली आणि ती सगळ्यांच्या बॅगांखाली गेली.

सोनिया दार लोटून त्याला पाठ लावून उभी राहिली.

"एक सांगा. लगडीतनं चिमूटभर घेता, ती आदी वितळून एकजीव केल्याली असती का न्हाई?"

"मग? वितळल्याबिगर टंच कसा निघंल?"

"आन कुणी नुसत्या चार बांगड्या आणून शेजारी शेजारी ठेवल्या तर? एका बांगडीवरनं बाकीच्यांचं सांगता?"

"येडी का काय तू? प्रत्येक बांगडी येगळी घासून बघाय लागती."

"मग तुमी आन दिग्या कवा वितळून एक झाला?"

ज्योतिबानं तिच्याकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि खोकला आला. या वेळी लांबला. भिंतीला हात लावून उभं राहावं लागलं.

संपला तेव्हा तो म्हणाला, "मागल्या दारानं चल."

*

ताईत काढा.

काढला.

हनुवटी वर. खांदे पुढं. श्वास घ्या.

घेतला. इरोडच्या खोलीत असा भरून श्वास कुणी घेत नाही. ॲसिडातनं तांबूस धूर उठला की तोंड फिरवायचं, थोडं थोडं घ्यायचं.

धरा.

जीपचा हॉर्न.

धरा, धरा.

पुन्हा हॉर्न. दोनदा. कुणीतरी हाक मारतंय, ज्योतिबा, ए ज्योत्या. मामांचा आवाज.

फुटला खोकला.

"परत घेऊ," क्रांती म्हणाल्या. त्यांनी घड्याळाकडं बघितलं नाही. बघायचं टाळलं, हे सोनियाला दिसलं.

श्वास घ्या.

धरा.

सोनियानंही धरला.

*

कॉम्प्युटरनं उजवीकडं, वरच्या बाजूला, लाल ठिपका दाखवला. क्रांतींनी तेवढा भाग मोठा करून पाहिला.

"हाय का?" ज्योतिबानं विचारलं.

"सावली आहे. मी डॉक्टर नाही. टीबी असेल, ॲसिडाच्या धुरानं झालेलं असेल, जुनं काही असेल. थुंकी तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी झाकणाच्या दोन डब्या दिल्या. "एक आत्ता द्या, मी नेते. दुसरी उद्या सकाळी, उठल्या उठल्या, चूळ भरून, खोलातनं खोकून. ती उपकेंद्रात द्यायची. दोन-तीन दिवसांत कळेल. टीबी असला तर औषध फुकट आहे. बरा होतो. पण अर्धवट सोडला की बिघडतो."

"उद्या सकाळी मी गाडीत असतोय."

"म्हणून तर सांगतेय."

ज्योतिबानं एक डबी तिथंच भरून दिली. त्या सामान आवरू लागल्या. व्हॅनचं दार लागलं. सोनियानं रिकामी डबी पदराखाली धरली होती, कुणाला दिसू नये अशी. मग तिचं तिलाच काय वाटलं, तिनं ती बाहेर काढून हातात घेतली.

*

जीप भरली होती. पुढं मामा. मागं दिग्विजय आणि बाकीचे, दाटीवाटीनं. ज्योतिबाची जागा राखून ठेवलेली.

"कुठं कडमडला हुतास रं?"

"फोटो काढाय."

"दुकानाचा निघालता की!"

"माझा निघाला न्हवता मामा. डाग हाय."

माळ्यावर ज्योतिबाच्या शेजारी दिग्विजयचं अंथरूण असतं. तो तसूभर मागं सरकला.

मामांनी चेहरा बदलू दिला नाही. "बरं. बस. तिकडं दावू. माझ्या वळखीचा डॉक्टर हाय."

"गणपतीपास्नं खोकत्यात, मामा," सोनिया म्हणाली. "तवा कुठं गेलता वळखीचा डॉक्टर?"

"तू नगं बोलूस पोरी."

"मग कोण बोलंल? ह्यास्नी बोलताना ढास लागती."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मामांनी वळून बघितलं, कोण ते कळलं नाही.

"हे बघ ज्योतिबा. सोनाराचं सोनं थांबत न्हाई. तू न्हाई तर भट्टीवर दुसरा बसंल. मग महिन्यानं आलास आन जागा न्हाई म्हटलं, तर मामाला नावं ठिवू नगंस."

ज्योतिबाचा एक पाय पायरीवर होता. तो तिथंच राहिला. सोनिया त्या पायाकडं बघत होती. चप्पल झिजून टाच पायरीला टेकत होती, तीसुद्धा तिला आत्ताच दिसली. ओढायला हात पुढं केला नाही. ओढून उतरवला तर मिरजेपर्यंत तो दुसऱ्या जीपनं जाईल, हे तिला माहीत होतं.

"पाच जण आठ बाय दहात झोपता तुमी," ती जीपमधल्या सगळ्यांना म्हणाली. "त्यातला एकच तपासलाय. तोबी कालपरवा कामाला लागल्याला."

"ड्रायव्हर, चल रं," मामा म्हणाले.

इंजिन सुरू झालं.

"माझी बॅग," ज्योतिबा म्हणाला.

"समद्यांच्या खाली हाय दाजी. आता दोऱ्या कोण सोडणार?"

"मग जाऊ द्या ती."

पाय खाली आला.

जीप हलली. ज्योतिबाचे दोन सदरे, टॉवेल आणि आईनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन ती मिरजेच्या वाटेला लागली. शाळेच्या वळणावर तिचा वेग कमी झाला. आकारामतात्यांनी मागच्या बाजूनं डोकं बाहेर काढलं. पंचवीस वर्षं भट्टीपुढं काढलेला माणूस.

"सोनिया! मॅडम हायत का गं अजून?"

"आत्ताच गेल्या तात्या!"

तात्यांनी डोकं आत घेतलं.

*

सकाळी परसात ज्योतिबानं चूळ भरली. खोलातनं खोकला. पहिल्यांदा नुसती लाळ आली. सोनिया म्हणाली, हे नगं, आतलं. तो चिडला, तुझं तू खोक म्हणाला, आणि त्या चिडण्यातच आतलं आलं. तिनं झाकण घट्ट पिळलं, डबी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि उपकेंद्राच्या रस्त्याला लागली. तोही मागून येत होता, टॉवेल तोंडावर धरून, उघड्या रस्त्यानं.

आदल्या दिवाळीत मानसिंगमामांनी सांगलीला जाऊन स्वतःचा, मामींचा आणि दोन्ही मुलांचा, प्रत्येकाचा वेगळा, छातीचा एक्स-रे काढून घेतला होता.