मोफत इंजेक्शन

"पर्स ठेवा आत," सिस्टर हसून म्हणाली. "आता हे इंजेक्शनसुद्धा सरकारी विम्यात बसतं. कार्ड आणलंय ना?"

कार्ड होतं. लाँड्रीत दिवसभर इस्त्री मारून आखडलेल्या हाताने तिने ते काढून दिलं. आजवर ती पदरमोड करून हे इंजेक्शन घेत आली होती, कुणाला कानोकान खबर नव्हती. पहिल्या बाळंतपणात बाळ गेलं, तीही मरता मरता वाचली. "पुन्हा दिवस गेले तर तुमचं काही खरं नाही," असं डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बजावलं होतं. पण नवरा पोरांसाठी जीव टाकायचा. शेजारचं पोरगं दिवसभर त्याच्याच खांद्यावर. त्याला सांगायला तिची जीभ रेटली नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं उलटली.

सिस्टरने यंत्रावर कार्ड टेकवलं, तिच्या दंडावर कापूस दाबला. "झालं. सुटलात बघा!" तिलाही हलकं वाटलं. कार्ड नवऱ्याच्या नावावर, तेव्हा त्याला जोडलेला मोबाइलही त्याचाच, हे त्या बिचारीच्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. नवरा कुठल्याशा इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून दमून आला होता. सासूचं नेहमीचं दळण चालूच होतं.

"अजून किती वाट बघायची रे? हिच्यात काय खोट आहे ते दाखव तरी एकदा. नाहीतर सोडून दे नि दुसरी बघ."

नवऱ्याने विषय टाळायला मोबाइल हातात घेतला. 'आपल्या विम्यातून पत्नीच्या गर्भनिरोधक इंजेक्शनचा खर्च मंजूर.' त्याचा घास हातातच राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचा हात आपसूक दंडाकडे गेला आणि मग विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"काय रे? कुणाचं काय आलंय?" सासूने विचारलं.

"दवाखान्यातून आलंय." त्याने मोबाइल खिशात टाकला. "मी तपासून घेतलं, आई. आता खोट माझ्यात आहे. हिला यापुढे एक शब्द बोलायचा नाही."

सासूने ताट बाजूला सारलं.

बायकोला वाटलं, त्याने ओरडावं, ताट भिरकावून द्यावं, निदान का म्हणून तरी विचारावं. तो मान खाली घालून जेवत राहिला.

त्याचं झाल्यावर ती ताट उचलायला वाकली.

"राहू दे," तो म्हणाला. मोरीत जाऊन त्याने आपलं ताट आपणच घासलं आणि बाकीच्या भांड्यांपासून लांब, भिंतीकडेला पालथं घातलं.