दादूचा 'बस'

मित्रांनो, डोक्यावरची गुंडी दाबली की बोलणारी अशी मी एक जुनी पितळी घंटी. मला घडवणारा कारागीर माझी कड जराशी घासायचा, टिंग करून बघायचा आणि नाद विरेपर्यंत डोळे मिटून बसायचा. आपण लांबच्या कुठल्यातरी पाण्यावर तरंगत चाललो आहोत, असे तेव्हा मला वाटायचे.

पुढे एका लाँड्रीच्या काउंटरवर माझी नेमणूक झाली. गिऱ्हाइकाने टिंग केले की वाफेच्या ढगातून मालक बाहेर यायचे. "काय गोड गळा आहे हिचा!" असे म्हणत ते मला फडक्याने पुसायचे. ते गेले, लाँड्रीला कुलूप लागले आणि मी खिळ्या-स्क्रूंच्या डब्यात जाऊन पडले. तिथे मला कुणी विचारीना. मी अंधारात पडून वाफेची स्वप्ने पाहत राहिले.

मालकांची दोन मुले, ताई आणि दादू. दादू नावालाच धाकटा. चांगला मिशा फुटलेला उंचापुरा गडी. तो स्वमग्न आहे, त्याला शब्द बोलता येत नाहीत. खिडकीतल्या उन्हात तरंगणारी धूळ बघत तो तासन्‌तास गुंग बसायचा. पण दाढी करायला किंवा नखे कापायला घेतली, की भिंतीवर डोके आपटायचा. त्याच्या कपाळावर कायमचे टेंगूळ आले होते. त्याला आवरताना ताईचे मनगट मुरगळले होते.

"हट्टी आहे तो," मामा म्हणायचे. "संस्थेत ठेव. तूही सुटशील."

ताई आत निघून जायची.

शेवटी तिने एका थेरपिस्ट बाईंना बोलावले. बाईंनी आधी डॉक्टरांकडून दादूचे कान आणि दात तपासून घेतले. दुखणे काही नव्हते. मग त्या रोज येऊन कोपऱ्यात नुसत्या बसू लागल्या. कशानंतर तो डोके आपटतो आणि आपटल्यावर काय होते, एवढेच त्या पाहायच्या.

एके दिवशी त्यांनी विचारले, "ताई, त्यानं डोकं आपटलं की तुम्ही काय करता?"

"काय करणार? रेझर खाली ठेवते."

"म्हणजे त्याचं म्हणणं पोचलं. 'बस, थांबा' म्हणायला त्याच्याकडे दुसरं काही नाहीये. आपण देऊ या."

काय द्यावे, याचा विचार करता करता ताईला मी आठवले. घासूनपुसून मला दादूसमोर ठेवण्यात आले. दाढी सुरू झाली. तो कावराबावरा होताच बाईंनी त्याचा हात हलकेच माझ्यापाशी नेला. टिंग! ताईने लगेच रेझर खाली ठेवला. दादू माझ्याकडे टक लावून बघत राहिला.

मग काय विचारता! साबण लागला, टिंग. रेझर दिसला, टिंग. अर्धी दाढी घेऊन साहेब दिवसभर घरात हिंडले. हसता हसता ताईची पुरेवाट झाली.

"अर्धी तर अर्धी," बाई म्हणाल्या. "आधी त्याचा भरवसा बसू दे. मग थोडं थोडं वाढवू."

आणि भरवसा बसला. आधी हनुवटी, मग एक गाल, असे करत दाढी पुरी होऊ लागली. टेंगूळ ओसरले. एकदा मात्र मामांनी "कटकट नुसती!" म्हणून मला उंच फळीवर ठेवले आणि त्या दुपारी भिंत पुन्हा दणाणली. मला पाय असते तर मीच खाली उडी टाकली असती. ताईने धावत येऊन मला काढले आणि दादूच्या हातात दिले.

काही दिवसांनी मामा पुन्हा आले. "संस्थेत जागा झालीय. सामान बांध."

"मामा, अहो, ऐका तरी..."

मामा कुठले ऐकतात! ते बोलतच राहिले. तेवढ्यात दादू उठला. त्याने मला मामांच्या पुढ्यात ठेवले. टिंग! मामा थांबले नाहीत. त्याने पुन्हा दाबले. टिंग!

"मामा," ताई शांतपणे म्हणाली, "या घरात घंटी वाजली की थांबतात."

मामा थांबले. माझा नाद खोलीभर पसरला, पडद्यापाशी रेंगाळला आणि उन्हात विरघळून गेला.

मग दादूच्या गुळगुळीत गालांकडे बघत मामांनी खालच्या आवाजात विचारले, "याची दाढी कोण करतं गं?"

"अर्धी मी, अर्धी तो."

सामानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, मला पुसायचे राहिले तरी चालेल. पण कुणी डोके आपटले, स्वतःला चावले, तर 'हा असाच' म्हणून पाठ फिरवू नका. तो काय सांगतो आहे, ते शोधा. आणि त्याने हळूच सांगितले, तर हळू सांगतो आहे तेव्हाच ऐका.