पोटातल्या पाण्याचा तडाखा

मित्रांनो, ओहायोतल्या एका प्रयोगशाळेमागच्या गवतात पडलेली मी एक जुनी टाकी आहे. माझी चौकट जाड पोलादाची. एका बाजूला काच. पुढची-मागची भिंत मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, दर वेळी बदलायची. पोटात पाणी भरून घ्यायचं आणि बंदुकीची गोळी झेलायची, हेच माझं काम. विमानाच्या इंधनाच्या टाकीला गोळी लागली की आत काय होतं, ते माणसं माझ्या काचेतून बघत.

व्हिएतनामच्या लढाईचे दिवस होते. गावातला तरुण वैमानिक डेल हास परतला नाही. विमानाला एकच गोळी लागली आणि इंधनाची सगळी टाकी फाटली, असं त्याच्या सोबत्याने कळवलं. त्या टाक्यांचे जोड कारखान्यात गावातलाच लोवेल ब्रँडनबर्ग सांधायचा. लोकांनी त्याच्यावर बोट ठेवलं. डेलचे वडील मर्ल लोवेलचे शेजारी. त्यांनी बोलणं टाकलं. लोवेलने कामावर जाणं सोडलं.

एका सकाळी माझ्यावर प्रयोग करणाऱ्या युनिसबाईंनी दोघांनाही बोलावून घेतलं.

“एवढ्याशा गोळीने टाकी फुटते होय?” मर्ल गुरगुरले. “जोडच कच्चा होता.”

“या पत्र्याला जोडच नाही,” युनिसबाई म्हणाल्या. “अखंड आहे. बघा आता.”

आधी मला रिकामी ठेवून गोळी झाडली. दोन्ही पत्र्यांना बारीक भोकं पडली, बस्स.

“बघा! काय म्हणत होतो मी?” मर्ल म्हणाले.

लोवेलने मान खाली घातली.

मग नवे पत्रे लावून मला काठोकाठ भरलं. गोळी आत शिरली. तिने पाणी बाजूला रेटलं, तिच्यामागे पोकळी फुगत गेली आणि रेटलेलं पाणी चहूकडच्या भिंतींवर आदळलं. मागचा पत्रा टराटरा फाटून बाहेर वळला. सगळ्यांचे बूट भिजले.

मर्लनी फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. “जोड नव्हता ना याला?”

“नव्हता.”

“मग माझा डेल...”

“मर्ल, मलाही वाटायचं, माझाच हात चुकला,” लोवेल म्हणाला. “रोज वाटायचं.”

“गप रे. चल, बस गाडीत. आमच्या हिने घेवड्याचं सूप केलंय. जेवून जा.”

लोवेल कामावर परतला. पुढे युनिसबाईंनी माझ्या भिंतींना आतून स्पंजासारखा जाड थर लावून पाहिला. पाण्याचा धक्का त्याने पुष्कळसा गिळला. पत्र्याला फुगवटा आला, पण तो फाटला नाही. त्या दिवशी बाईंनी मला शाबासकीची थाप मारली. तेवढीच.

आता ही गणितं संगणक करतात. माझी काच धुरकटली आहे, कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी घर केलं आहे. मला भंगारात घातलंत तरी माझी तक्रार नाही. मागणं एवढंच: काही मोडलं, तर ते कसं मोडलं हे आधी नीट बघा, माणसाचं नाव त्यानंतर घ्या. लोवेल निर्दोष ठरला खरा, पण त्याआधीचा सबंध हिवाळा त्याच्या दाराशी कुणीही फिरकलं नव्हतं.